दिवाळीची रजा आणि नाताळाभोवती बांधलेले वर्ष

प्रश्न असा आहे. मूळच्या पुण्याच्या एका बाई गेली तीन वर्षे कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या मिसिसागा शहरात एका खासगी प्रयोगशाळेत काम करतात. त्यांनी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी रजा मागितली. वरिष्ठांनी ती नाकारताना सांगितले की नाताळची सुट्टी सगळ्यांना असते, तशी तुम्हालाही आहे. एकाला वेगळी सुट्टी दिली तर सगळ्यांनाच द्यावी लागेल. त्याच दिवशी मुलाच्या शाळेत गणिताची चाचणीही होती. बाईंनी दोन गोष्टी विचारल्या आहेत: कायद्याने ही रजा मिळते का, आणि दुसऱ्यांच्या देशात येऊन असे मागणे शोभते का.

मी ओंटारियोत २२ वर्षे कामगार-संबंधांचे काम करतो आहे, आधी युनियनच्या बाजूने आणि नंतर मालकांच्या बाजूने, त्यामुळे रजेचा अर्ज मी टेबलाच्या दोन्ही अंगांनी पाहिला आहे. थोडक्यात सांगायचे तर धर्माच्या कारणासाठी वेळ मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि आपल्यावर अवाजवी बोजा पडेल हे दाखवून दिल्याशिवाय मालकाला तो नाकारता येत नाही. त्या दिवसाचा पगार मिळेलच असे मात्र नाही, आणि अर्ज कसा लिहिला यावर निम्मे प्रकरण ठरते. पुढचे उत्तर जरा लांब आहे, कारण तुमच्या वरिष्ठांचे म्हणणे चुकीचे असले तरी ते केवळ आडमुठेपणातून आलेले नाही.

‘सुट्टी सगळ्यांना सारखीच’ हे म्हणणे वरवर न्याय्य वाटते. ओंटारियोच्या कायद्यात नऊ सार्वजनिक सुट्ट्या आहेत: नववर्षदिन, फेब्रुवारीतला फॅमिली डे, गुड फ्रायडे, व्हिक्टोरिया डे, कॅनडा डे, लेबर डे, थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा बॉक्सिंग डे. यांतले गुड फ्रायडे आणि नाताळ हे दोन दिवस थेट ख्रिस्ती धर्माचे आहेत, आणि त्यांना चिकटून शाळांची नाताळची सुट्टी येते. ज्याचा सण आधीच यादीत बसला आहे, त्याला आयुष्यात एकदाही सणासाठी अर्ज लिहावा लागत नाही. यादी सर्वांना सारखीच लागू होते, हे खरे. पण तिच्यामुळे अर्ज लिहिण्याची वेळ काहींवरच येते, आणि इथल्या न्यायालयांनी गेल्या चाळीस वर्षांत नेमका हाच फरक ओळखला आहे.

या गोष्टीची सुरुवात रविवारापासून होते. १९०६ च्या ‘लॉर्ड्स डे ॲक्ट’ या संघीय कायद्याने रविवारी व्यापार करण्यास बंदी घातली होती. १९८२ च्या मे महिन्यात कॅलगरीच्या ‘बिग एम ड्रग मार्ट’ या दुकानात पोलिसांनी रविवारी विक्री होताना पाहिली. विकल्या गेलेल्या मालात किराणा, प्लॅस्टिकचे पेले आणि सायकलचे एक कुलूप होते. त्या कुलपाचा खटला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८५ मध्ये तो कायदा रद्द झाला. एका धर्माचा विश्रांतीचा दिवस सर्वांवर कायद्याने लादता येत नाही, हे न्यायमूर्ती ब्रायन डिक्सन यांनी त्या निकालात स्पष्ट केले. पण पुढच्याच वर्षी ‘एडवर्ड्स बुक्स’ प्रकरणात त्याच न्यायालयाने ओंटारियोचा रविवारबंदीचा कायदा कायम ठेवला, कारण त्याचा हेतू धार्मिक नसून दुकानांतल्या कामगारांना एक समान सुट्टी मिळावी असा होता, आणि शनिवार पाळणाऱ्या छोट्या दुकानदारांसाठी त्यात सवलतही होती. समान सुट्टीला ना नाही, पण तिचा भार कोणावर पडतो ते पाहावे, ही भूमिका तेव्हापासून आजतागायत टिकली आहे.

एक गोष्ट आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसते. नोकरीतल्या धार्मिक रजेचा हा हक्क हिंदू, मुस्लिम किंवा शीख स्थलांतरितांनी मिळवून आणलेला नाही. त्याची वाट प्रामुख्याने ख्रिस्ती धर्मातल्याच लहान पंथांच्या लोकांनी पाडली. ओंटारियोतील थेरेसा ओमॅली एका मोठ्या दुकानात विक्रीचे काम करत. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ स्वीकारल्यावर शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत काम करणे त्यांना वर्ज्य झाले, आणि शनिवार हा दुकानाच्या सर्वाधिक गर्दीचा दिवस. १९८५ च्या निकालात न्यायालय म्हणाले की मालकाचा हेतू भेदभावाचा नसला तरी परिणाम तसा होत असेल, तर कर्मचाऱ्याला सामावून घेण्याचे कर्तव्य मालकावर येते. ‘ड्यूटी टू अकोमोडेट’ हे इथल्या प्रत्येक एचआरच्या तोंडी असलेले शब्द त्याच निकालाने रूढ केले.

१९९० चा अल्बर्टातील डेअरीचा निकाल तुमच्या प्रकरणाला सर्वांत जवळचा आहे. तिथल्या एका कामगाराने ईस्टरच्या सुमारास आपल्या पंथाच्या सणासाठी सोमवारची रजा मागितली. शनिवार-रविवारचे साठलेले दूध सोमवारी येते, म्हणून मालकाने ती नाकारली, आणि तो कामावर आला नाही तेव्हा त्याची नोकरी गेली. न्यायालयाचे उत्तर साधे होते. एखादा कामगार सोमवारी आजारी पडला किंवा रजेवर गेला तर डेअरी निभावून नेतेच; मग धर्मासाठी घेतलेला एकच सोमवार निभावून नेणे अशक्य कसे? हाच प्रश्न तुम्ही आपल्या प्रयोगशाळेला विचारून पाहा. गेल्या जानेवारीत फ्लूच्या साथीत तुमच्या विभागातले कितीजण एकाच दिवशी गैरहजर होते, आणि त्या दिवशी नमुने तपासायचे थांबले होते का?

‘सगळ्यांना द्यावी लागेल’ या धास्तीत मात्र थोडेसे तथ्य आहे. प्रत्येक विनंती स्वतंत्रपणे तपासायची, असे कायदा सांगतो, पण ज्या विभागात बाराजणांपैकी नऊजण दिवाळी पाळतात तिथे सगळ्यांना एकाच संध्याकाळी सोडणे खरोखर अशक्य असू शकते. ओंटारियोच्या मानवाधिकार संहितेत अवाजवी बोजा मोजण्याचे तीनच निकष दिले आहेत: खर्च, तो भागवण्यासाठी बाहेरून मिळू शकणारा निधी, आणि आरोग्य व सुरक्षितता. सहकाऱ्यांची कुरकुर, ग्राहकांची नापसंती किंवा ‘पायंडा पडेल’ ही भीती त्यांत बसत नाही. बारापैकी नऊजणांचा प्रश्न आला तर मालकाला तो सुरक्षिततेच्या किंवा खर्चाच्या निकषावर, आकड्यांनिशी मांडावा लागतो. तुमच्या प्रयोगशाळेत तुम्ही एकट्याच हिंदू असाल, तर हा मुद्दा उद्भवतच नाही.

आता पगाराचे. या बाबतीत आपल्याकडचे बरेच लोक अतिरेकी अपेक्षा ठेवतात आणि नंतर हिरमुसतात. १९९४ मध्ये क्वेबेकमधील तीन ज्यू शिक्षकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना योम किपूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या पवित्र दिवसाचा पगार मिळवून दिला. शाळेचे वेळापत्रक ख्रिस्ती सणांभोवती बांधलेले असल्यामुळे त्यांना एका दिवसाच्या पगारावर पाणी सोडावे लागत होते, आणि त्यांच्या करारात विशेष रजेची तरतूदही होती, हे त्या निकालाचे दोन आधार. यावरून कुणी असे धरून चालतात की ख्रिस्ती माणसाला दोन भरपगारी दिवस मिळतात म्हणून आपल्यालाही दोन मिळालेच पाहिजेत. ओंटारियोत तसे झालेले नाही. २००० साली इथल्या अपील न्यायालयासमोर वर्षाला अकरा पवित्र दिवस पाळणारा एक सरकारी कर्मचारी होता. मालकाच्या धोरणानुसार दोन दिवस भरपगारी, आणि उरलेल्या दिवसांसाठी कामाचे तास मागेपुढे करण्याची मुभा, एवढे पुरेसे आहे असे न्यायालयाने मानले. २००८ मध्ये मानवाधिकार न्यायाधिकरणासमोर ७ जानेवारीला नाताळ पाळणारा एक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती कामगार आला. तास भरून काढणे, शिफ्ट बदलून घेणे, बदली सुट्टी, वार्षिक रजा किंवा बिनपगारी रजा असे पर्याय मालकाने दिले असतील तर वेगळा भरपगारी दिवस देणे बंधनकारक नाही, असे तिथे ठरले. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की हक्क वेळेचा आहे. पगार बुडू नये यासाठीची तजवीज मात्र आपण स्वतः अर्जात सुचवावी.

तशी एक तजवीज कायद्यातच आहे आणि तिचा उपयोग फारच थोडे लोक करतात. ओंटारियोत मालक आणि कर्मचारी लेखी सहमतीने सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी काम करून तिच्या बदल्यात दुसरा दिवस भरपगारी घेऊ शकतात. हा बदली दिवस मूळ सुट्टीनंतर तीन महिन्यांच्या आत घ्यायचा असतो, आणि लेखी संमती असेल तर ही मुदत बारा महिन्यांपर्यंत वाढते. थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येतो, म्हणजे बहुतेक वर्षी दिवाळीच्या आधी. प्रयोगशाळा त्या सोमवारी चालू असेल तर त्या दिवशी काम करा आणि बदल्यात लक्ष्मीपूजन मागा. लेबर डे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो. गणेशचतुर्थी त्यानंतर आली त्या वर्षी हाच उपाय तिलाही लागू पडतो. केंद्र सरकारच्या भारतातील कचेऱ्यांत यादीतून दोन ऐच्छिक सुट्ट्या निवडता येतात, ज्यांना तिथे सगळे ‘आरएच’ म्हणतात. इथे तशी यादी नाही, पण या बदलीच्या तरतुदीतून जवळपास तेच साधता येते.

आता अर्जाकडे येतो. काही वर्षांपूर्वी गोदामात काम करणारा एक मराठी मुलगा माझ्याकडे आला. गणपतीच्या दिवसाची रजा नाकारली म्हणून तो संतापला होता. मी त्याचा ईमेल मागितला. त्यात इंग्रजीत एवढेच होते की ‘घरी छोटे फंक्शन आहे, एक दिवस ऑफ मिळेल का?’ ते वाचणाऱ्या माणसाला वाढदिवस आणि प्राणप्रतिष्ठा यांतला फरक कळावा कसा? त्याने ते कौटुंबिक काम समजून वर्दळीच्या आठवड्याचे कारण दिले आणि अर्ज फेटाळला. आपल्या बोलण्यात पूजेलाही ‘फंक्शन’ म्हणण्याची, आणि धर्माचा उल्लेख नको म्हणून ‘कल्चरल प्रोग्रॅम’ लिहिण्याची जी सवय आहे, ती इथे नडते. संहिता ‘क्रीड’ला, म्हणजे श्रद्धेला, संरक्षण देते, गेट-टुगेदरला नाही. मी त्याला तेवढेच शब्द बदलून पुन्हा अर्ज करायला लावले: हा माझ्या धर्मातला पाळणुकीचा दिवस आहे, त्या दिवशी दुपारी मूर्तीची स्थापना मी स्वतः करतो, आणि आमच्या घरात हे दरवर्षी होते. दुसऱ्या दिवशी रजा मंजूर झाली.

हे लिहिताना कोणत्याही धर्मग्रंथातला श्लोक जोडण्याची किंवा पुजाऱ्याचा दाखला आणण्याची गरज नसते. २००४ च्या ‘ॲम्सेलेम’ प्रकरणात मॉन्ट्रियलमधील काही ज्यू रहिवाशांनी आपल्या बाल्कनीत सुक्का, म्हणजे सणापुरती उभारायची झोपडी, बांधू देण्याची मागणी केली होती. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्माचे पंडित काय म्हणतात यापेक्षा त्या व्यक्तीची श्रद्धा मनापासूनची आहे का, एवढेच पाहायचे. शेजारचा मराठी सहकारी गणपतीला रजा घेत नाही, मग तुम्हालाच का हवी, हा प्रश्न त्यामुळे गैरलागू ठरतो. याची दुसरी बाजू अशी की त्या दिवशी पूजा सोडून तुम्ही मॉलमध्ये दिसलात, तर पुढच्या वर्षी तुमच्या शब्दाला किंमत राहणार नाही. आणि कृपा करून सणासाठी ‘सिक लिव्ह’ टाकू नका. फराळाच्या ताटाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकून आजारपणाची रजा मागणाऱ्या माणसाचा बचाव करण्याची वेळ माझ्यावर एकदा आली होती, आणि तो बचाव मला करता आला नाही.

तारखेची गुंतागुंत आधीच समजावून सांगा, कारण एचआरचा गोंधळ बहुतेक वेळा तिथे होतो. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पंचांगांत लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते. पण अमावस्या भारतात ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागली, तेव्हा टोरोंटोत त्याच दिवसाची सकाळ होती, आणि १ तारखेच्या सकाळी ती इथे संपलीही. त्यामुळे इथल्या संध्याकाळची अमावस्या ३१ तारखेलाच होती. एकाच कंपनीतल्या दोन हिंदू कर्मचाऱ्यांनी दोन वेगळ्या तारखा दिल्या आणि व्यवस्थापकाला वाटले की दोघांपैकी एकजण खोटे बोलतो आहे. त्याला तिथी आणि सूर्यास्त समजावून सांगण्यात माझा अर्धा तास गेला. (त्या दिवशी हॅलोविन, म्हणजे मुलांनी वेश करून घरोघरी खाऊ मागण्याचा सण असल्यामुळे त्याच्या कार्यालयातले निम्मे पालक चार वाजताच निघणार होते, आणि त्यांच्यापैकी एकालाही अर्ज लिहावा लागला नव्हता. हे मी त्याच्या लक्षात आणून दिले. तो हसला आणि दोघांचीही रजा मंजूर केली.) ईदच्या बाबतीत चंद्रदर्शनामुळे हीच अडचण येते. उपाय एकच: निदान सहा आठवडे आधी लिहा, तारीख एका दिवसाने मागेपुढे होऊ शकत असेल तर तसे स्पष्ट लिहा, आणि आपले काम त्या दिवशी कोण सांभाळेल तेही सुचवा.

हे शेवटचे म्हणजे केवळ सौजन्य नव्हे. ब्रिटिश कोलंबियातील एका शाळेच्या सफाई कर्मचाऱ्याच्या १९९२ च्या ‘रेनो’ प्रकरणात न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. सामावून घेण्याचे कर्तव्य युनियनवरही आहे, म्हणून सेवाज्येष्ठतेचा करार आड येतो असे सांगून युनियनला हात झटकता येत नाहीत. आणि कर्मचाऱ्यानेही तोडगा शोधायला मदत केली पाहिजे. वाजवी पर्याय समोर आला तर तो आपल्या मनासारखा तंतोतंत नाही म्हणून नाकारता येत नाही. तुम्हाला पूर्ण दिवस हवा असेल आणि मालक दुपारी तीनला सोडायला तयार असेल, तर लक्ष्मीपूजन संध्याकाळचे आहे हे लक्षात ठेवा. तो पर्याय वाजवी ठरण्याचा संभव मोठा आहे. गणेशस्थापना मात्र मध्यान्हीची असते. तिथे तीनला सुटून काय उपयोग, हे तुम्ही समजावून सांगू शकता आणि सांगावे.

शाळेचा प्रश्न यापेक्षा सोपा आहे. ओंटारियोच्या शिक्षण कायद्यानुसार मुलाच्या धर्मात पवित्र मानलेल्या दिवशी त्याची गैरहजेरी माफ असते. वर्गशिक्षकांना आठवडाभर आधी चिठ्ठी द्या आणि चाचणी दुसऱ्या दिवशी घेण्याची विनंती करा. बहुतेक शिक्षक ती विनासायास मान्य करतात. मात्र आपल्या सणाला शाळाच बंद ठेवावी, ही मागणी वेगळी. ओटावातील मुस्लिम पालकांनी दोन सणांना शाळा बंद ठेवण्याची मागणी केली होती, आणि १९९७ मध्ये न्यायालयाने ती अमान्य केली: नाताळ आणि ईस्टरच्या सुट्ट्या आता समाजाच्या समान विश्रांतीचे दिवस झाले आहेत आणि मुलांना वैयक्तिक गैरहजेरीची मुभा आहे, असा त्यामागचा विचार होता. हा युक्तिवाद मला पूर्णपणे पटलेला नाही. ज्याचा सण आहे त्याच्यासाठी तो सण आणि इतरांसाठी ती निव्वळ विश्रांती, असे दोन्ही दरवाजे एकाच सुट्टीला उघडे ठेवणे बहुसंख्याकांच्या सोयीचे आहे. तरीही सध्याचा कायदा तोच आहे, आणि तुमच्या मुलाचे काम त्या मुभेवर भागते. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शाळांनी २०१५ पासून ईदची आणि २०२३ पासून दिवाळीची सुट्टी वेळापत्रकात घेतली, पण ती लोकसंख्येच्या बळावर आणि राजकीय प्रयत्नांनी मिळाली, न्यायालयाच्या आदेशाने नव्हे.

राहिला शोभण्याचा प्रश्न. २००१ च्या जनगणनेत कॅनडातले सुमारे ७७ टक्के लोक ख्रिस्ती होते. २०२१ मध्ये ते प्रमाण ५३.३ टक्क्यांवर आले. ३४.६ टक्के लोकांनी कोणताही धर्म नसल्याचे नोंदवले, आणि हिंदू २.३ टक्के भरले. म्हणजे नाताळची सुट्टी घेणाऱ्यांतले पुष्कळ जण आता चर्चमध्ये जाण्यासाठी ती घेत नाहीत. असे असूनही २०२३ मध्ये कॅनडाच्या मानवाधिकार आयोगाच्या एका चर्चापत्रात नाताळ व ईस्टरच्या सुट्ट्यांचा उल्लेख धार्मिक भेदभावाचे उदाहरण म्हणून आला, तेव्हा संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने एकमताने नाताळच्या बाजूने ठराव केला. त्या गदारोळात काही जण असे बोलू लागले की स्थलांतरितांना नाताळ काढून टाकायचा आहे. माझ्यासमोर शेकडो अर्ज आले आहेत. त्यांतल्या एकानेही कुणाची सुट्टी रद्द करण्याची मागणी केली नव्हती. उलट ‘मी नाताळला काम करतो, मला तो दिवस द्या’ असेच बहुतेकांनी लिहिले होते.

आपल्या कोकणात बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, तेली शनिवारी घाणा बंद ठेवत, आणि गावाने त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव देऊन टाकले. त्या दिवशी तेल मिळणार नाही हे गावाला माहीत असे, म्हणून शुक्रवारीच नेले जाई. तुम्ही जे मागता आहात ते याहून फारसे वेगळे नाही, आणि त्यात संकोच वाटावा असे मला काही दिसत नाही.

तुमच्या प्रकरणात आता हे करा. नकार ईमेलने आला असेल तर तो जपून ठेवा. तोंडी दिला असेल तर ‘अमुक तारखेला आपण असे म्हणालात, मी बरोबर समजले आहे ना?’ असा दोन ओळींचा ईमेल आजच पाठवा. त्यासोबत पुढच्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनासाठी बदली सुट्टीचा लेखी प्रस्ताव द्या आणि मानवाधिकार संहितेचा एका वाक्यात, शांत शब्दांत उल्लेख करा. हक्क मागितला म्हणून शिफ्ट कमी करणे किंवा त्रास देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो, त्यामुळे तसे काही झाले तर तारखांसह टिपून ठेवा. एवढे करूनही उत्तर तेच आले, तर ओंटारियोच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्याला फी नाही, पण मुदत घटनेपासून एक वर्षाची आहे आणि निकालाला महिने नव्हे, वर्षे लागू शकतात. तुमची नोकरी बँक, विमान कंपनी किंवा दूरसंचार अशा संघीय अखत्यारीतल्या क्षेत्रात असती, तर हाच अर्ज कॅनडाच्या मानवाधिकार आयोगाकडे करावा लागला असता; खासगी प्रयोगशाळा मात्र प्रांताच्या अखत्यारीत येते.